मनाच्या दवाखान्यात जात कुठे नोंदवायची?

"सायकॉलॉजीत एम.ए. झालंय, पुढे क्लिनिकलला जाऊ का?" हा प्रश्न आम्हाला आता दर पंधरा दिवसांनी कुणी ना कुणी विचारतं. विचारणारी पोरं-पोरी बहुतेक आपलीच असतात. घरात पहिल्यांदा कुणीतरी पदव्युत्तर झालेलं असतं आणि आई-बाप विचारत असतात की या शिक्षणाची नोकरी कुठे मिळते. फोनवर आम्ही "जा, जरूर जा" असं सांगतो, फी सांगतो, परीक्षेच्या तारखा सांगतो. पण पुढे काय काय पाहावं लागेल ते सांगत नाही. आज तेही लिहायचं ठरवलं आहे.

आम्ही म्हणजे चौघं. दोन मुली, दोन मुलगे. औरंगाबादला विद्यापीठाच्या ग्रंथालयात एकाच टेबलावर प्रवेश परीक्षांचा अभ्यास केला आणि मग तीन वेगवेगळ्या शहरांतल्या संस्थांमध्ये विखुरलो. नावं देत नाही, संस्थांचीही देत नाही. रुग्णांबद्दल लिहिताना त्यांची ओळख पटेल असा तपशील बदलला आहे. तेवढी शिस्त या शिक्षणाने लावली, ती मान्य.

आधी एक गैरसमज काढून टाकू. सायकॉलॉजीत एम.ए. झालं म्हणजे माणूस क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानुसार परिषदेच्या नोंदवहीत नाव लागतं, तेव्हाच ती ओळख लावता येते. नोंदणी नसताना व्यवसाय करणं हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे. नोंदणीचा रूढ रस्ता म्हणजे दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. एम.ए.ला ५५ टक्के हवेत, आपल्याला ५० चालतात. गुणांची अट आपल्यापैकी अनेकजण पार करतात. अडतं ते पुढे. एकेका संस्थेत मोजक्या जागा असतात आणि खाजगी संस्थांची फी लाखांत जाते. पूर्णवेळ म्हणजे दोन वर्षं सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओपीडी, वॉर्ड, केस प्रेझेंटेशन, प्रबंध. नोकरी करून हे जमत नाही. आमच्यातल्या एकीच्या वडिलांनी पीएफमधून पैसे काढले. एकाने आधी तीन वर्षं शाळेत समुपदेशकाची नोकरी करून पैसे साठवले आणि तेही पहिल्याच वर्षी संपले.

मुलाखतीत एका ठिकाणी विचारलं गेलं, "तुमच्याकडची मुलं सोशल वर्कला जातात ना जास्त? इकडे कसे काय?" प्रश्न अगदी गोड आवाजात विचारला होता. "तुमच्याकडची" म्हणजे मराठवाड्यातली की आणखी कुठली, हे आम्ही विचारलं नाही. निवड व्हायची होती.

पहिले सहा महिने केस हिस्ट्री घ्यायला शिकण्यात जातात. रुग्णाचं नाव, वय, शिक्षण, व्यवसाय, वैवाहिक स्थिती, राहण्याचं ठिकाण. मग तक्रारी, त्या कधी सुरू झाल्या, कशा वाढल्या. मग घरातला आजाराचा इतिहास, बालपण, शाळा, नोकरी, लग्न, स्वभाव. चांगली केस हिस्ट्री लिहायला तीन-चार बैठका लागतात. हे काम आम्हाला मनापासून आवडलं, हेही सांगून टाकतो. आपल्या आज्ज्या-आयांचं कुणी इतकं शांतपणे, मध्ये न तोडता ऐकून घेतलंय का कधी? या विद्येचा पाया ऐकणं आहे आणि ऐकून घेतलं जाणं ही आपल्या लोकांच्या आयुष्यातली दुर्मीळ गोष्ट आहे.

तर त्या छापील फॉर्मवर एका संस्थेत 'धर्म/जात' असा एकच रकाना होता. दुसऱ्या दोन ठिकाणी नुसता 'धर्म'. त्यात हिंदू लिहिलं की पुढे कुणी काही विचारत नसे. आणि 'बौद्ध' लिहिलं की महाराष्ट्रात जात लिहून झालीच, हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला कळायचं. म्हणजे एकाची जात झाकली जायची आणि दुसऱ्याची उघडी पडायची. पण झाकलेली असो की उघडी, पुढच्या पंधरा पानांत ती कुठेही यायची नाही. बालपणाच्या इतिहासात वडिलांची दारू यायची, आईची मारहाण यायची. शाळेत पाण्याच्या माठापाशी काय झालं, हे विचारायचं कुणी शिकवलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

आता ज्या माणसामुळे हा लेख लिहावासा वाटला, त्याच्याबद्दल.

वय तिशीच्या पुढे. वडील नोकरीत असताना वारले म्हणून अनुकंपा तत्त्वावर एका कचेरीत लिपिक म्हणून लागलेला. झोप नाही, जेवण कमी, कामावर दोनदा भांडण, एकदा फाइल फेकलेली. सोबत आला होता त्याच कचेरीतला वरिष्ठ. बायको बाळंतपणासाठी माहेरी होती. माणूस सांगत होता की, मी टेबलापाशी आलो की सगळे गप्प होतात, माझ्यावर हसतात, चहाचा माझा कप वेगळा ठेवतात, मला इथून घालवायचं ठरलंय. वरिष्ठाला बाहेर वेगळं विचारलं. ते म्हणाले, "आमच्याकडे जातपात कुणी पाळत नाही हो. उलट आम्हीच याला सांभाळून घेतो."

केस घेत होती आमच्यातली एक. इतिहास सांगणारा माणूस, ज्याला आम्ही इन्फॉर्मंट म्हणतो, तो कितपत भरवशाचा आहे हे लिहावं लागतं. तिने लिहिलं: विश्वासार्ह, माहिती पुरेशी. रुग्णाच्या म्हणण्यापुढे लिहिलं: आयडियाज ऑफ रेफरन्स, छळाच्या भ्रमाची शक्यता. सुपरव्हायझरने मान डोलावली. औषध सायकिऍट्रिस्ट लिहितो, पण लिहिताना त्याच्यासमोर आमचा कागद असतो. रिस्पेरिडोन सुरू झालं.

भ्रमाची व्याख्या आम्हाला तोंडपाठ होती. पुरावा विरुद्ध असूनही न हलणारी, खोटी, आणि त्या माणसाच्या सांस्कृतिक पार्श्वभूमीत न बसणारी समजूत. आता यातला एकेक शब्द घ्या. खोटी हे कुणी ठरवलं? कपाबद्दल एकाही माणसाने त्या कचेरीत जाऊन किंवा फोन करून एक प्रश्न विचारला नव्हता. पुरावा कुठला? ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचीच साक्ष. आणि सांस्कृतिक पार्श्वभूमी कुणाची? आपल्या वस्तीत कुणालाही विचारा, कचेरीतला वेगळा कप ही गोष्ट कुणाला अशक्य वाटेल? ती अशक्य वाटते केस ऐकणाऱ्या टेबलाला. हे सगळं आमच्या मैत्रिणीला त्या दिवशीही दिसत होतं. तिच्या स्वतःच्या वडिलांचा कप वेगळा होता, जिल्हा परिषदेच्या शाळेत, मास्तर म्हणून. तरी तिने 'विश्वासार्ह' लिहिलं. आम्ही तिघांनी नंतर तिला बोलायचा आव आणला, मग एकेकाने आपापल्या फाइली आठवल्या आणि गप्प बसलो. तिच्या जागी आम्हीही तेच लिहिलं असतं. लिहिलंही होतं.

दुसऱ्या बैठकीत त्या माणसाने विचारलं, "मॅडम, तुमचं आडनाव काय?" स्वतःबद्दल सांगायचं नाही, असं शिकवलेलं. ती म्हणाली, "इथे आपण तुमच्याबद्दल बोलूया." तो थोडा वेळ तिच्याकडे बघत बसला. मग "बरं" म्हणाला. तिसऱ्या बैठकीला आला नाही आणि त्यानंतरही कधी नाही.

तो आजारी नव्हता, असं आमचं म्हणणं नाही. हे नीट वाचा, कारण चळवळीतले बरेच मित्र इथे घाई करतात. त्याची झोप गेली होती, वजन उतरलं होतं, त्याला मदत हवी होती. कप वेगळा असू शकतो आणि माणूस आजारीही असू शकतो. वर्षानुवर्षं कप वेगळा असल्यानेही मन खचू शकतं. हा गुंता सोडवणं हेच तर या शिक्षणाचं काम. आणि तेच आम्हाला करता आलं नाही, कारण गुंत्याचं एक टोक दवाखान्याच्या दाराबाहेर ठेवलेलं होतं.

उलट उदाहरणही आमच्याच घरातलं आहे. आमच्यातल्या एकाच्या चुलतभावाला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी आवाज ऐकू यायला लागले. वर्गातली मुलं त्याला शिव्या देतात, भिंतीपलीकडूनही देतात, गावी आल्यावरही देतात, असं तो म्हणायचा. आपले कार्यकर्ते धावून आले. निवेदन दिलं, कॉलेजवर मोर्चा नेला. कॉलेजात जातीयवाद नव्हता असं नाही, होताच. पण गावातल्या घरात, रात्री दोन वाजता, भिंतीपलीकडे कुणी नव्हतं. हे पाहायला कुणी तयार नव्हतं, आम्हीही तेव्हा नव्हतो. दरम्यान आत्या एका बाबाकडे घेऊन गेली, घरात बावीस प्रतिज्ञांची फ्रेम टांगलेली असताना. दवाखान्यात जायला तीन वर्षं गेली. स्किझोफ्रेनियात उपचाराला जितका उशीर, तितकं सावरणं कठीण. आज तो बरा आहे, पण त्याची ती तीन वर्षं कुणी परत देणार नाही.

आपल्याकडे अजून एक बोलणं चालतं: "बाबासाहेबांनी किती सोसलं, तू एवढ्यात खचलास?" सांगणाऱ्याची भावना चांगली असते. पण ऐकणाऱ्याच्या दुःखावर त्यात लाजेचाही थर चढतो. बडोद्याच्या पारशी धर्मशाळेतून हाकललं गेलं तेव्हा स्वतः बाबासाहेब रडले होते, हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. परदेशात शिकून आलेला पंचविशीतला माणूस. त्यांनी ते लपवलं नाही. आपण का लपवायला सांगतो?

दुसऱ्या वर्षी, त्या लिपिकानंतर, आमची वाचनाची दिशा बदलली. अभ्यासक्रमाबाहेरचं शोधू लागलो. कोलंबिया विद्यापीठ म्हटलं की आपल्याला १९१३ साल आठवतं. त्याच विद्यापीठात, बाबासाहेब तिथून गेल्यावर वीसेक वर्षांनी, मेमी आणि केनेथ क्लार्क हे कृष्णवर्णीय जोडपं मानसशास्त्र शिकत होतं. केनेथने १९४० साली पीएच.डी. मिळवली, मेमीने १९४३ साली. तिथे त्या विषयात ही पदवी मिळवणारे ते पहिले दोन कृष्णवर्णीय. मेमीने मार्गदर्शक निवडला हेन्री गॅरेट. हा माणूस कृष्णवर्णीयांची बुद्धी वंशानेच कमी असते असं मानणारा आणि वेगळ्या शाळांचा समर्थक. मेमीने त्याच्या हाताखाली संख्याशास्त्र आणि संशोधनाची पद्धत शिकून घेतली. पुढे व्हर्जिनियातल्या शाळांच्या खटल्यात गॅरेट वंशविभाजनाच्या बाजूने साक्ष द्यायला आला, तेव्हा त्याचं म्हणणं खोडायला साक्षीदार म्हणून उभी राहिली ती मेमी.

हे वाचलं त्या रात्री आम्ही चौघं दोन वाजेपर्यंत फोनवर होतो. आपल्याला कसा सुपरव्हायझर मिळाला याचं रडगाणं आम्ही वर्षभर गात होतो. त्या बाईने तो समजून-उमजून निवडला होता!

या दोघांचा बाहुल्यांचा प्रयोग तुम्ही ऐकला असेल. बाहुल्या सारख्याच, फरक फक्त रंगाचा. लहान कृष्णवर्णीय मुलांना विचारायचं, छान कुठली, वाईट कुठली, आणि शेवटी, तुझ्यासारखी कुठली? बऱ्याच मुलांनी गोरी बाहुली छान ठरवली आणि शेवटच्या प्रश्नाला काही मुलं रडत उठून गेली. १९५४ च्या ब्राउन खटल्याच्या निकालात, ज्याने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, केनेथच्या लेखनाचा तळटिपेत उल्लेख आहे. पण आम्हाला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते १९४६ सालचं काम. मेमीला शिक्षणाच्या तोडीची नोकरी मिळत नव्हती, म्हणून दोघांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत मुलांसाठी नॉर्थसाइड नावाचं केंद्र काढलं. शाळांनी मंदबुद्धी ठरवलेली मुलं आई-बाप तिथे घेऊन यायचे. त्यांची पुन्हा चाचणी घेतली की अनेकांवरचा शिक्का चुकीचा निघायचा.

चाचण्यांचं आमच्याकडेही तेच आहे. बिने-कामत ही बुद्धिमापन चाचणी १९३० च्या दशकात मराठी आणि कन्नड मुलांवर बेतलेली, ती आजही वापरात आहे. मॅलिन यांनी नागपुरात वेक्सलरच्या चाचणीचं भारतीय रूप केलं, तेही दोन पिढ्यांपूर्वीचं. चाचणीतले प्रश्न इथे लिहिता येत नाहीत, गुप्तता पाळावी लागते. पण एवढं सांगतो, काही प्रश्नांची उत्तरं घरात वर्तमानपत्र येतं की नाही यावर ठरतात. टीएटी चाचणीच्या पहिल्या चित्रात एक मुलगा व्हायोलिनसमोर बसलाय. ऊसतोड कामगाराच्या एका पोराने ते पाहून सांगितलं, "मालकाची वस्तू मोडलीय याच्याकडून, आता मार बसणार." वर्गात या उत्तरावर 'अधिकाऱ्याविषयी भीती, शिक्षेची अपेक्षा' अशी चर्चा झाली. ठीकच आहे. पण ही भीती त्याच्या आतून आली की फडावरून, हा प्रश्न आमच्यातल्या एकाने पहिल्यांदा मोठ्याने विचारला. सुपरव्हायझर बाई थांबल्या. म्हणाल्या, "लिही हे रिपोर्टमध्ये." दोन वर्षांत असंही झालं. सगळे सारखे नसतात.

त्याच बळावर पुढे आम्ही कायदा हातात घेतला. म्हणजे अक्षरशः, छापील प्रत घेऊन गेलो. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा स्पष्ट सांगतो की कुणाच्या सामाजिक, आर्थिक किंवा राजकीय स्थानावरून त्याला मानसिक आजारी ठरवायचं नाही, आणि उपचार मिळण्यात जातीवरून भेदभाव करायचा नाही. अठराव्या कलमात 'जात' हा शब्द आहे. कायदा करणाऱ्यांना सुचला तो शब्द केस हिस्ट्रीच्या फॉर्मवर का नसावा, एवढंच आमचं म्हणणं. फॉर्म बदलला नाही. आमच्या फाइलींमध्ये मात्र आम्ही तो प्रश्न विचारू लागलो. "तुमची जात काय" असा विचारायचा नसतो, माणूस मिटतो. "शाळेत, कामावर, घरमालकाकडून कधी वेगळं वागवलं गेलं का?" असं विचारून थांबायचं. थांबणं महत्त्वाचं.

आणि हा प्रश्न फक्त आपल्याच रुग्णांना विचारायचा नाही. आंतरजातीय प्रेमातून घरात कोंडलेली सवर्ण मुलगी 'चिडचिड आणि हट्टीपणा' म्हणून आणली जाते, तिच्याही आजारात जात आहे. जातिनिर्मूलनाच्या त्या न होऊ शकलेल्या भाषणात, १९३६ साली, बाबासाहेबांनी जातीचा ठिकाणा माणसाच्या मनात दाखवला. मग मनाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला तो सापडू नये, हे आश्चर्य नाही का?

याची किंमत आपण मोजतो आहोत. रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ ला गेला आणि नंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने कारण शोधलं ते त्याच्या वैयक्तिक वैफल्यात. २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. अशा प्रत्येक वेळी एक बाजू म्हणते 'मनाचा प्रश्न', दुसरी म्हणते 'जातीचा प्रश्न', आणि दोन्हींबद्दल अधिकाराने बोलू शकेल असं माणूस त्या खोलीत नसतं. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये सांगितलं की आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्याचं नाव त्या यादीत शोधू नका.

आपली माणसं तिथे बसली की सगळं सुटेल, असंही नाही. गेल्या वर्षी आमच्या मैत्रिणीला एका मुलाने तोच प्रश्न विचारला, आडनावाचा. या वेळी तिने सांगितलं, गावही सांगितलं. तो पाऊण तास सलग बोलला. आणि पुढच्या आठवड्यात निरोप आला की येणार नाही, कारण तिचे मामा त्याच्याच गल्लीत राहतात. तिने त्याला दुसऱ्या शहरातल्या, आमच्यातल्याच एकाकडे फोनवर जोडून दिलं. ते अजून चालू आहे.

आता ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी व्यवहाराचं. यूजीसीने २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद केलं. क्लिनिकल सायकॉलॉजीला मुदतवाढ मिळाली, ती २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंतची. पुढे परिषदेचे नवे अभ्यासक्रम आहेत, त्यात चार वर्षांचा साय.डी.ही. तेव्हा पैसे भरण्याआधी त्या संस्थेला त्या वर्षासाठी परिषदेची मान्यता आहे का, हे परिषदेच्या यादीत स्वतः पाहा, संस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. सरकारी संस्थांचे अर्ज आधी भरा. इंग्रजीची भीती वाटत असेल तर रोज एक केस हिस्ट्री मराठीत लिहून तिचं इंग्रजी करा, आम्ही तसंच केलं. बोलीतला रुग्ण समजण्यात तुम्ही वर्गात सगळ्यांच्या पुढे असाल. 'जीव घाबरा होतो', 'काळीज धडधडतं', 'डोकं बधिर झालंय' यांतला फरक पुस्तकातून येत नाही.

आम्ही दर रविवारी रात्री नऊ वाजता ऑनलाइन बसतो. प्रत्येकजण एक केस मांडतो, नाव-गाव काढून. बाकीचे तिघं सुपरव्हायझर होतात आणि सोलून काढतात. त्या लिपिकाची केस आतापर्यंत तीनदा मांडून झाली आहे. दर वेळी आम्ही एकाच जागी अडतो: वरिष्ठांना बाहेर बसवल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारायला हवा होता? पाचवी खुर्ची रिकामी आहे, येणाऱ्याने आपलं उत्तर घेऊन यावं.